झिजलेल्या तबकड्या : बाजारातील किंमत आणि अभ्यासातील मूल्य

‘किंमत’, ‘मोल’ आणि ‘मूल्य’ हे तीन शब्द मराठीत पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. तथापि त्यांच्यातील छटाभेद भाषेने जपून ठेवला आहे. किंमत विचारली जाते, मोल जाणले जाते, मूल्याची चर्चा होते. आपल्या समीक्षेने मर्ढेकरांपासून पुढे या तिसऱ्या शब्दावर पुष्कळ परिश्रम घेतले. परंतु ज्या वस्तूंच्या आधारे आपण एखाद्या कलेचा इतिहास लिहितो त्या वस्तू आपल्या हाती आल्या त्या कोणी जपल्या म्हणून, कोणी टाकल्या म्हणून आणि कोणत्या भावाने विकल्या गेल्या म्हणून, हा प्रश्न तिने बहुधा ग्रंथपालांवर सोपविला. पोथ्यांच्या बाबतीत पाठचिकित्सकांना त्याची जाणीव होती व आहे. ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत ती अद्याप व्हावयाची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि संगीत नाटकाचा व ख्यालगायकीचा इतिहास जर आपण ध्वनिमुद्रिका ऐकून लिहिणार असू, तर ती लवकर व्हावयास हवी.

या प्रश्नाचे स्वरूप निर्भेळपणे पाहावयाचे असेल, तर प्रथम संगीत बाजूस ठेवून अशा एका वस्तूकडे पाहावे, की जिच्यात संग्रहाखेरीज दुसरा काहीच अर्थ उरलेला नाही. अमेरिकेतील बेसबॉलपटूंची चित्रे असलेली लहान कार्डे ही अशी वस्तू होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटच्या मऊ पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. त्यावर खेळाडूचे अथवा नटीचे चित्र छापल्यास गिऱ्हाईक तेच पाकीट पुन्हा घेते, हे कंपन्यांनी लवकरच ओळखले. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या कार्डांत होनस वॅग्नर या खेळाडूचे एक कार्ड होते. वॅग्नरने त्यास हरकत घेतली आणि छपाई थांबली. ही हरकत तंबाखूच्या प्रसाराला होती की मोबदला न मिळाल्याबद्दल होती, याविषयी मतभेद आहेत. परिणाम एवढाच की त्या कार्डाच्या आज पन्नास-साठ प्रती ज्ञात आहेत. १९९१ साली त्यांतील एक प्रत ४ लाख ५१ हजार डॉलरला गेली. तीच २००७ साली २८ लाख डॉलरला विकली गेली. आणि २०२२ साली दुसऱ्या, पुष्कळच मळलेल्या प्रतीला ७२ लाख ५० हजार डॉलर मिळाले.

या मालेला संग्राहक ‘टी २०६’ म्हणतात. हे नाव तंबाखू कंपनीने दिलेले नाही. ते जेफर्सन बर्डिक या सिरॅक्यूजच्या एका साध्या कामगाराने आपल्या ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ या सूचीत दिलेला अनुक्रम आहे. बर्डिकने आयुष्यभर जमविलेली तीन लाखांहून अधिक कार्डे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकली, आणि संधिवाताने आखडलेल्या हातांनी ती स्वतः तेथे बसून वह्यांत लावली. १९६३ च्या जानेवारीत काम संपले व मार्चमध्ये तो वारला. त्याने ती कार्डे वह्यांत चिकटविली, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात घ्यावयाची आहे. आजच्या बाजाराच्या दृष्टीने पाठीला खळ लागलेले कार्ड म्हणजे बिघडलेले कार्ड. ज्या माणसाच्या सूचीवाचून या बाजाराला आपल्या मालाची नावेही सांगता आली नसती, त्याचा स्वतःचा संग्रह बाजाराच्या तराजूत हलका ठरावा, हा विरोध मोठा बोधक आहे. बर्डिकला कार्डांचा परस्परसंबंध हवा होता. कोणती माला कोणत्या वर्षी निघाली, तीत किती चित्रे होती, हे त्याला जाणावयाचे होते. कार्ड हे त्याच्या लेखी साधन होते.

१९५२ साली टॉप्स कंपनीने काढलेल्या मालेची कथा याच्या उलट दिशेने तेच सांगते. तिचा उत्तरार्ध हंगाम उलटून गेल्यावर बाजारात आला व खपला नाही. कंपनीचे साय बर्जर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, गोदामात पडून राहिलेली ती खोकी १९६० साली एका पडावावर भरून अटलांटिक समुद्रात बुडविण्यात आली. त्याच उत्तरार्धात मिकी मँटलचे कार्ड होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याची एक अत्युत्तम अवस्थेतील प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. जे समुद्रात गेले त्याची किंमत, जे उरले त्याच्या अंगावर चढली असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९८० नंतर ही वार्ता सर्वतोमुखी झाली, लोकांनी कार्डे काळजीपूर्वक साठवावयास आरंभ केला आणि कंपन्यांनी ती भरमसाट छापली. या दशकातील व त्यापुढील काही वर्षांतील कार्डांचे गठ्ठे आज अमेरिकेतील माळ्यांवर कवडीमोल पडून आहेत. सर्वांनीच जपले, म्हणून कशालाच मोल उरले नाही. बाजारात दुर्मिळ व्हावयाचे तर कोणीतरी आधी फेकून द्यावे लागते.

पुढची पायरी अवस्थेच्या परीक्षणाची. १९९१ पासून व्यावसायिक परीक्षक कंपन्या कार्डाला एक ते दहा असे गुण देऊन ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करू लागल्या. अशा रीतीने पहिलाच क्रमांक मिळालेले कार्ड म्हणजे वर उल्लेखिलेली, १९९१ साली विकली गेलेली वॅग्नरची प्रत. तिला आठ गुण मिळाले होते. २०१३ साली लिलाववाले बिल मॅस्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केले की, तिच्या कडा कापून नीट करण्यात आल्या होत्या. या कबुलीनेही त्या कार्डाची ख्याती ओसरली नाही. परीक्षण वस्तूचे होते की कीर्तीचे, असा संशय येथे येतो; पण तो लिलाववाल्यांनी निस्तरावा.

आपल्याला कर्तव्य आहे ते ध्वनिमुद्रिकेशी. कार्ड आणि तबकडी यांचे जन्मवृत्त बरेचसे सारखे आहे. कार्ड सिगारेट खपविण्यासाठी निघाले. आणि अमेरिकन ब्लूज संगीताच्या इतिहासात अनन्यसाधारण ठरलेली ‘पॅरामाउंट’ ही तबकड्यांची मुद्रा विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्यांच्या कारखान्याची होती. फोनोची लाकडी कपाटे करणाऱ्या त्या कारखान्याने त्यांवर वाजवावयास काहीतरी हवे म्हणून तबकड्या काढल्या. परंतु या साम्यापलीकडे एक मूलभूत भेद आहे. कार्ड पाहिल्याने झिजत नाही. तबकडी मात्र ऐकल्यानेच झिजते. लाखेच्या तबकडीत लाखेचे प्रमाण थोडे असून दगडाची बारीक भुकटी पुष्कळ असे. ती खरखरीत भुकटी पोलादी सुईला घासून खोबणीच्या आकाराची करी, आणि म्हणून प्रत्येक बाजूस सुई बदलावी, अशी सूचना असे. ती सूचना किती घरांत पाळली गेली असेल, हे वाचकांनी आपल्या घरच्या परंपरेवरून ठरवावे. सुई व खोबण परस्परांना खात असत. त्यामुळे ज्या गाण्यावर लोकांनी जीव टाकला त्याच्या तबकड्या खरखरीने भरून गेल्या, आणि जे कोणी दुसऱ्यांदा लावलेच नाही ते आज चकचकीत काळ्या अवस्थेत उपलब्ध होते.

आता बाजाराचा हिशेब पाहा. त्याला दुर्मिळ वस्तू हवी आणि ती अस्पर्शित हवी. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत दुर्मिळता म्हणजे बहुधा मूळची अल्प विक्री, आणि अस्पर्शितता म्हणजे बहुधा मूळची उपेक्षा. तेव्हा या दोन कसोट्या एकत्र लावणारा संग्राहक, स्वतःच्या नकळत, त्या काळी अयशस्वी ठरलेल्या वस्तूंचे संमेलन भरवीत असतो. यात गैर काहीच नाही. उपेक्षितांत गुणवान असतात, आणि त्यांना बाहेर काढणे हे संग्राहकाचे ऋण आपण मान्य केलेच पाहिजे. मात्र त्या संमेलनालाच त्या काळाचा इतिहास समजणे, ही निराळी गोष्ट झाली.

अमेरिकेत तसे घडले आहे, आणि त्याची चिकित्साही तेथे झाली आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतातून जाणाऱ्या लाखेचा पुरवठा संकटात आला. १९४२ साली अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेच्या वापरावर कडक निर्बंध घातले. जुन्या तबकड्या भंगारात वितळू लागल्या. त्याच सुमारास हॅरी स्मिथ नावाचा एक तरुण त्या वेचून जमवीत होता. त्याने १९५२ साली आपल्या संग्रहातून निवडलेल्या ८४ गाण्यांचा संच फोकवेज कंपनीकडून काढला. ती सर्व गाणी मुख्यतः १९२७ ते १९३२ या वर्षांत विक्रीसाठी निघालेली होती. परंतु स्मिथच्या मांडणीने ती एका लोकपरंपरेचा ग्रंथ म्हणून वाचली गेली, आणि पुढच्या पिढीतील गायकांनी तो ग्रंथ तोंडपाठ केला. ब्रुकलिनमध्ये वाय.एम.सी.ए.च्या एका खोलीत राहून खाटेखाली मोजक्या तबकड्या बाळगणाऱ्या जेम्स मॅककून याच्या आवडीनिवडीतून ‘डेल्टा ब्लूज’चे प्रमाणशास्त्र कसे सिद्ध झाले, याचे विवेचन मेरीबेथ हॅमिल्टन यांनी २००७ साली केले. त्याआधी २००४ साली एलिजा वॉल्ड यांनी अधिक परखड प्रश्न विचारला होता. रॉबर्ट जॉन्सनच्या १९३६-३७ च्या ध्वनिमुद्रिकांना आज आपण शिखर मानतो; पण त्या काळच्या कृष्णवर्णीय श्रोत्याच्या घरी त्या कितपत होत्या? त्या श्रोत्याने डोक्यावर घेतलेला लेरॉय कार हा गायक पुढच्या इतिहासात मागे का पडला? त्याच्या तबकड्या पुष्कळ खपल्या, म्हणून पुष्कळ उरल्या, म्हणून संग्राहकाला त्यांत रस वाटला नाही, हे उत्तर संपूर्ण नसले तरी त्यात तथ्य आहे. २०१३ साली टॉमी जॉन्सनची, दोनच प्रती ज्ञात असलेली एक पॅरामाउंट तबकडी ३७ हजार १०० डॉलरला विकली गेली. त्या आकड्याने टॉमी जॉन्सनच्या गायनाविषयी काहीही सिद्ध होत नाही. तसा तो गायक थोर होता, हे निराळे.

आपल्याकडील परिस्थिती या सर्वाहून अधिक नाजूक आहे. ग्रामोफोन कंपनीचे पथक १९०२ साली कलकत्त्यास आले व गौहरजान यांचे गायन मुद्रित झाले. त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे दाबून परत येत. तेथील कामगारांना गायिका कळावी म्हणून गाण्याच्या अखेरीस ती स्वतःचे नाव इंग्रजीतून उच्चारी. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदह येथे कारखाना निघाला. या कालक्रमामुळे जे सुटले ते कायमचे सुटले : भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीच निवर्तले होते. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत हयात होते, पण त्यांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका आपल्यापाशी नाही. म्हणजे ज्यांच्या शिकवणुकीने संगीत रंगभूमीची एक पिढी घडली, त्यांचे मोल आपण केवळ आठवणींच्या व शिष्यांच्या आधारे जाणतो. बाजाराला अशा माणसाचे काहीच करता येत नाही.

जे मुद्रित झाले त्यातही पातळ्या आहेत. अब्दुल करीम खाँ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामोफोन कंपनीसाठी गायिलेल्या तबकड्या दुर्मिळ आहेत. १९३४ नंतर ओडियन कंपनीने काढलेल्या सर्वत्र पसरल्या आणि पुढे दीर्घवादन तबकड्यांवरही आल्या. संग्राहक पहिल्या गटासाठी धावाधाव करील. परंतु किराणा गायकीचा प्रभाव महाराष्ट्राच्या कानावर कसा बसला, हे ज्याला शोधावयाचे आहे त्याने दुसऱ्या गटापाशीच थांबले पाहिजे. आणि शक्य तर त्यांच्या घासलेल्या, पुन्हा पुन्हा छापलेल्या प्रतींपाशी. बालगंधर्वांच्या गाजलेल्या पदांच्या तबकड्यांनाही हेच लागू आहे. संग्राहकाला पहिली छापणी हवी असते. नंतरच्या छापणीला तो दुय्यम समजतो. ग्रंथाच्या इतिहासात आवृत्तींची संख्या हा लोकप्रियतेचा पुरावा मानणारे आपण, तबकडीच्या लेबलाचा रंग बदलून तेच गाणे पुन्हा निघाले याची साधी नोंदही ठेवीत नाही. येथे एक सावधगिरी मात्र हवी. तबकडीची प्रत्येक झीज ही प्रेमाची खूण नसते. सुई बोथट होत जाते आणि आतील वर्तुळे लहान असतात, म्हणून बाजूच्या अखेरीस झीज अधिक दिसावयाचीच. तेथे श्रोत्याची भावना शोधू जाणे म्हणजे समीक्षकाने स्वतःची फसगत करून घेणे होय.

१९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची दीर्घवादन तबकडी आली व लाखेचे युग तिकडे दहा-बारा वर्षांत संपले. भारतात ते तसे संपले नाही, कारण खेड्यापाड्यांत वीज नव्हती आणि किल्लीचा फोनो चालू होता. त्यामुळे बीटल्सची गाणी १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दमदम येथे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर छापली जात होती. इंग्लंडात ती त्या रूपात मिळत नव्हती. पाश्चात्त्य संग्राहक आज या भारतीय तबकड्यांसाठी मोठी रक्कम मोजतात. आपल्या विजेच्या अभावाला परदेशात असा भाव यावा, हे गमतीचे आहे खरे. परंतु त्याच कारखान्यातून, त्याच काळी, त्याच लाखेतून निघालेल्या मराठी भावगीताच्या व लोकनाट्याच्या तबकड्यांकडे ती नजर वळत नाही. कारण किंमत वस्तूला चिकटलेली नसते, ती विकत घेणाऱ्याच्या स्मरणाला चिकटलेली असते.

अलीकडे व्हिनाइलचे जे पुनरुज्जीवन झाले आहे, त्याविषयी थोडक्यात एवढेच. २०२२ साली अमेरिकेत व्हिनाइल तबकड्यांचा खप ४ कोटी १० लाख, तर सीडींचा ३ कोटी ३० लाख झाला. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. यांतील पुष्कळ तबकड्या मर्यादित छापणी, रंगीत व्हिनाइल, निराळे वेष्टन अशा आमिषांनी, प्रारंभापासूनच ‘संग्राह्य’ म्हणून विकल्या जातात. बेसबॉलच्या कार्डांचे १९८० नंतर काय झाले हे वर सांगितलेच आहे.

आपल्या दृष्टीने खरी कसोटी ‘यंग इंडिया’ या मुद्रेची आहे. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात या नावाने हजारो तबकड्या काढल्या. नामांकित कलावंत मोठ्या कंपनीशी करारबद्ध असल्याने हिच्या वाट्याला बहुधा नवोदित व हौशी मंडळी आली. त्यांत शास्त्रीय गायन होते, लोकसंगीत होते, चित्रपटगीते होती, शैक्षणिक मजकूरही होता. त्यांचे पुनर्मुद्रण जवळजवळ झालेच नाही. बाजाराच्या नियमाने पाहता या तबकड्यांना पुरेशी कीर्ती नाही, म्हणून दुर्मिळ असूनही भाव नाही. आणि समीक्षेच्या रूढ नियमाने पाहता त्यांत थोर कलावंत थोडे, म्हणून महत्त्व नाही. दोन्ही चाळण्यांतून त्या गळून पडतात. परंतु मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात गाणे कसे शिकले जात होते, नाट्यपदाची नक्कल सामान्य गळा कशी करीत होता, तीन मिनिटांच्या मर्यादेत राग कसा कोंबला जात होता, या प्रश्नांची उत्तरे थोरांच्या तबकड्यांत सापडत नाहीत. ती या हौशी गळ्यांत आहेत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० साली मुंबईत स्थापन झाली, आणि तिचे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दप्तरांच्या योजनेखाली ‘यंग इंडिया’च्या तबकड्यांचे अंकीकरण हाती घेतले. हे काम एका विद्यापीठीय विभागाने नव्हे, संग्राहकांनी केले, याची नोंद आपण आपल्यापुरती करून ठेवावी. चोरबाजारात गुडघे टेकून धूळ झाडणाऱ्या माणसाला विद्वत्तेचे प्रमाणपत्र नसते. पण बर्डिकप्रमाणे त्याच्यापाशी सूची असते.

तेव्हा संग्राहकाकडून अभ्यासकाने काय घ्यावे? त्याची किंमत घेऊ नये, त्याची यादी घ्यावी. सूची करताना तबकडीचा मातृका-क्रमांक, लेबलाची जात, ज्ञात छापण्या, दोन्ही बाजूंवरील मजकूर, घोषित राग व प्रत्यक्ष राग यांतील अंतर, या नोंदी हव्यात. गतीचीही नोंद हवी. कारण जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नसत आणि गती चुकल्यास गायकाची पट्टीच बदलते. एखाद्या बालनटाचा स्वर किती उंच होता, यावर केलेले विधान पुष्कळदा केवळ फोनोच्या वेगावर केलेले विधान असते. आणि झिजलेली प्रत चांगली प्रत मिळाली म्हणून टाकून देऊ नये. चांगल्या प्रतीवरून गाणे ऐकावे. झिजलेल्या प्रतीवर कोणाचे नाव, कोणत्या दुकानाचा शिक्का, कोणत्या मंडळाची चिठ्ठी आहे, ते पाहावे. हे शिक्के व चिठ्ठ्या प्रतीची ‘अवस्था’ बिघडवितात असे बाजार समजतो. पोथीच्या समासातील परक्या हस्ताक्षराला आपण कधी बिघाड म्हटले आहे काय?

यापेक्षाही उपेक्षित राहिले आहेत ते छापील कागद. कंपन्या नव्या तबकड्यांच्या याद्या नियमाने काढीत. त्यांत मराठीचा स्वतंत्र भाग असे, कलावंतांची छायाचित्रे असत आणि गाण्यांचे शब्दही असत. स्वस्त कागदावर छापलेल्या या पुस्तिका दुकानदार फुकट वाटीत आणि नवी आली की जुनी रद्दीत जाई. तबकडी जपणाऱ्यांनीही त्या क्वचितच जपल्या. त्यांच्यावाचून ‘हे गाणे प्रथम कोणत्या महिन्यात निघाले’ यासारख्या साध्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, आणि त्यांना अद्याप कोणत्याही लिलावात भाव आलेला नाही.